संगणक बदलला, अक्षरे कुठे गेली?

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पन्हाळ्यावर विज्ञान-शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. मी प्रकाशाच्या प्रयोगांचे साहित्य घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशीचे काम आटोपले, तीन दरवाजापर्यंत एक फेरी झाली, आणि चहाच्या वेळी एका शाळेतल्या बाईंनी माझ्यापुढे एक पेन ड्राइव्ह धरला.

"सर, आमच्या शाळेत दहा संगणक आहेत. विंडोज दहा बंद झालं म्हणतात, आणि अकरा काही त्यांच्यावर चढत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी म्हणतोय, लिनक्स घालून देतो, पैसे लागणार नाहीत. पण यातलं सगळं त्यात उघडेल न्हवं?"

पेन ड्राइव्हमध्ये ७३ फायली होत्या. १९९८ ते २००९ या काळात बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांत हिंडून गोळा केलेली माहिती त्यांत होती. विहिरी आणि झरे, शेतांची आणि टेकड्यांची नावे, मसाई पठारावरच्या फुलांना गावकरी काय म्हणतात ते, आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द. ज्यांनी हे सांगितले त्यांच्यापैकी बरेच जण आता हयात नाहीत.

माझ्या स्वतःच्या संगणकावर बरीच वर्षे लिनक्सच आहे. मी म्हणालो, "उघडेल की," आणि पेन ड्राइव्ह लावून पहिलीच फाईल उघडली. ती उघडलीही. ओळी होत्या, परिच्छेद होते, मथळा ठळक अक्षरांत होता. फक्त त्यात मराठी कुठेच नव्हती. रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा यांची नुसती खिचडी. बाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आमचं नव्हे."

फाईल उघडली होती, म्हणजे माझे उत्तर खोटे नव्हते. पण बाईंनी जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते. हा प्रश्न सध्या पुष्कळ शाळांपुढे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. मुदतवाढीच्या योजना जाहीर झाल्या, पण त्या तात्पुरत्या. विंडोज ११ ला विशिष्ट पिढीपुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती नसलेले, पण एरवी धडधाकट असलेले संगणक शाळाशाळांतून आहेत. ते भंगारात घालण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्स घालावे हा विचार मला योग्यच वाटतो. मात्र त्याआधी कशाची अपेक्षा धरायची आणि कशाची नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रोसेसर तोच, मग प्रोग्रॅम का चालत नाही?

हुशार मुले हा प्रश्न हटकून विचारतात. संगणकातला प्रोसेसर विंडोजला ओळखत नाही आणि लिनक्सलाही ओळखत नाही. त्याला कळतात त्या अगदी साध्या आज्ञा: ही संख्या उचल, तीत ती मिळव, उत्तर शून्य आले तर अमक्या ठिकाणच्या आज्ञेकडे जा. प्रोग्रॅम म्हणजे अशा लाखो आज्ञांची माळ. मग प्रोसेसर बदललेला नसताना, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली म्हणून ही माळ निरुपयोगी का व्हावी?

कारण असे की, नुसत्या या आज्ञांच्या बळावर प्रोग्रॅमला बेरीज-वजाबाकी आणि तुलना एवढेच करता येते. फाईल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, कळफलकावरची कळ ओळखणे, प्रिंटरकडे कागद पाठवणे ही कामे त्याला परस्पर करण्याची परवानगी नसते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करावा लागतो. पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी अर्ज करायचा तर तो तिथल्या नमुन्यात, तिथल्या खिडकीवर, त्यांना हव्या त्या क्रमाने करावा लागतो. तोच कागद बँकेच्या खिडकीवर दिला तर अर्जदार तोच, गरज खरी, आणि तरीही काम होणार नाही. इथे तसेच होते.

इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या ६४-बिटी लिनक्समध्ये 'वाच' या अर्जाचा क्रमांक ० आहे, 'लिही' चा १ आणि 'फाईल उघड' चा २. विंडोजचे क्रमांक वेगळे आहेत. इतकेच नव्हे, तर ते आवृत्तीगणिक बदलतातही. म्हणून विंडोजवरचे प्रोग्रॅम सहसा थेट अर्ज करत नाहीत. विंडोजबरोबरच येणाऱ्या मध्यस्थ फायलींमार्फत करतात. लिनक्सवर हे मध्यस्थच नसतात.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येते. विंडोजवरच्या एखाद्या छोट्या प्रोग्रॅमच्या फाईलची प्रत करून घ्या. मूळ फाईलला हात लावू नका. ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सगळा गोंधळ दिसेल, पण पहिली दोन अक्षरे नेमकी एम आणि झेड अशी असतील. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याच्या नावाची ही आद्याक्षरे. लिनक्सच्या प्रोग्रॅमची फाईल उघडली तर १२७ क्रमांकाच्या एका न दिसणाऱ्या खुणेनंतर ई, एल, एफ ही अक्षरे असतात. दारावरचा पहारेकरी आधी ही खूण पाहतो, आणि ती ओळखीची नसेल तर आत सोडतच नाही.

यावर वाइन नावाचा एक तोडगा आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम विंडोजच्या त्या मध्यस्थांची सोंगे लिनक्सवर उभी करतो. प्रोग्रॅमला वाटते आपण विंडोजवरच आहोत. (नावावरून वर्गात हशा होतो, त्याला इलाज नाही.) पुष्कळ प्रोग्रॅम त्यावर छान चालतात. काही अर्धवट चालतात आणि नेमक्या निकालाच्या आदल्या दिवशी रुसतात. म्हणून ज्यावाचून शाळेचे अडेल असे काम मी तरी वाइनवर सोपवणार नाही.

तेव्हा पहिली अपेक्षा सोडूनच द्यावी. प्रोग्रॅम नव्या घरी येत नाहीत. तिथे त्या कामाचे दुसरे प्रोग्रॅम घ्यावे लागतात. वर्डच्या जागी लिबरऑफिसचे रायटर, एक्सेलच्या जागी त्याचेच कॅल्क, इत्यादी. ब्राउझरमधून होणाऱ्या कामांना ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे अर्ज ब्राउझर करतो, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम दोन्हीकडे मिळतात. युडायस प्लसची माहिती भरणे हे असे काम आहे. ज्या कामाला यूएसबीवरची डिजिटल स्वाक्षरी लागते ते मात्र आधी करून पाहावे.

आणि हे केवळ विंडोज सोडणाऱ्यांचेच दुखणे आहे असे नाही. विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिटी प्रोग्रॅम ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत. शाळेच्या कपाटात त्या वेळच्या शैक्षणिक सीडी असतील तर लावून पाहा. ॲपलने २०१९ मध्ये ३२-बिटी प्रोग्रॅम चालवणे थांबवले, तेव्हाही लोकांचा असाच खोळंबा झाला.

दस्तऐवजाचे पोट उघडून पाहू

प्रोग्रॅम येत नाहीत, पण आपण लिहिलेले आपल्याबरोबर यायला हवे. ते बहुतांशी येतेही. का, ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे, आठवी-नववीच्या मुलांना तो फार आवडतो.

डॉक्स या शेपटीची एखादी फाईल घ्या, तिची प्रत करा आणि प्रतीच्या नावातली ती शेपटी काढून झिप अशी करा. आता ती उघडा. आत चक्क फोल्डर दिसतील. 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल असेल. ती ब्राउझरमध्ये उघडली की खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्ये जशीच्या तशी बसलेली दिसतील. म्हणजे डॉक्स ही एक गुंडाळी आहे, आणि ती कशी बांधायची व सोडायची याचे नियम प्रसिद्ध झालेले आहेत. लिबरऑफिसची ओडीटी फाईलही अशीच गुंडाळी असते. नियम उघड असले की कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर कोणीही ती सोडवणारा प्रोग्रॅम लिहू शकतो.

ज्यांचे नियम उघड नसतात त्यांचे हाल होतात. माझ्या पीएच.डी.च्या वेळचे आलेख मी एका विशिष्ट प्रोग्रॅममध्ये काढले होते. आज त्या फायली माझ्याकडे आहेत, पण त्या उघडायला काही नाही. सुदैवाने मूळ मोजमापे साध्या मजकुराच्या फायलींत, आकड्यांच्या रांगांच्या रूपात ठेवली होती. ती कुठेही उघडतात. पेजमेकरच्या बाबतीत नशीब जरा बरे. आपल्याकडे एके काळी स्मरणिकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळे त्यात जुळवले जाई. २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर तो पुढे वाढलाच नाही. पण २०१५ पासून लिबरऑफिसला त्याच्या फायली बऱ्याच अंशी वाचता येतात.

गुंडाळीत एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती म्हणजे फॉन्ट. फाईलमध्ये फक्त फॉन्टचे नाव लिहिलेले असते. विंडोजवर मंगल हा देवनागरी फॉन्ट असतो. त्याची अक्षरे प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटली. हा फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाही. मग लिनक्स लोहित, नोटो किंवा असा दुसरा एखादा फॉन्ट त्याच्या जागी बसवते. अक्षरांची रुंदी किंचित बदलते, ओळी वेगळीकडे तुटतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर सांडते. त्रास होतो, पण मजकूर शाबूत असतो. बाईंच्या फायलींत तर मजकूरच नाहीसा झाला होता. ही गोष्ट वेगळी, आणि आपल्या लिपीच्या वाट्याला विशेष आलेली.

'क' म्हणजे किती?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हा निव्वळ संकेत. इंग्रजीसाठी हा संकेत १९६० च्या दशकातच ठरला: आस्की. त्यात धाकट्या 'डी' चा आकडा १००, आणि जगभर १००. त्यामुळे इंग्रजी मजकूर कुठेही न्या, तो वाचता येतो.

देवनागरीसाठी आपल्याकडेही प्रयत्न झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. इस्की नावाचा संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'क' चा आकडा १७९ आहे. पण छपाईच्या धंद्याला घाई होती, आणि त्या वेळच्या प्रोग्रॅमना १७९ हा आकडा 'क' आहे हे माहीत नव्हते. जोडाक्षरे कशी करायची हे तर नाहीच. तेव्हा एक युक्ती निघाली. संगणकाला इंग्रजीच वाटू द्यायचे, आणि फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे भरायची.

उत्तरेकडे फार वापरला गेलेला आणि आपल्याकडेही ठिकठिकाणी दिसणारा कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात धाकट्या 'डी' च्या जागी 'क' चे चित्र आहे, म्हणजे 'क' चा आकडा १००. 'भारत' असे दिसण्यासाठी फाईलमध्ये पाच अक्षरे असतात: मोठा 'एच', मग 'के', 'के', 'जे', 'आर'. मोठा 'एच' म्हणजे अर्धा भ. पहिला 'के' म्हणजे त्या भ ला पूर्ण करणारी उभी काठी. दुसराही 'के' च, पण तो काना! 'जे' म्हणजे र आणि 'आर' म्हणजे त. संगणकाच्या लेखी भ ची काठी आणि भ चा काना यांत फरक नाही, कारण त्याच्यापाशी अक्षरे नाहीतच. आहेत ते छापखान्यातल्या खिळ्यांसारखे तुकडे.

मराठीसाठी असे फॉन्ट आणि असे संच पुष्कळ निघाले: श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण. त्यांनी मराठीचा छापील व्यवहार वीस वर्षे पेलला, हे विसरता कामा नये. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, प्रश्नपत्रिका त्यांच्यावरच निघाल्या. पण चित्रे कोणत्या जागी बसवायची याचा प्रत्येकाचा संकेत निराळा. त्यामुळे फाईलबरोबर नेमका तोच फॉन्ट हवा. तो नसला की संगणक दुसरा फॉन्ट लावतो, आणि आत जी रोमन अक्षरे पहिल्यापासून होती ती उघडी पडतात.

म्हणजे बाईंच्या फायलींचे लिनक्सने काहीही बिघडवले नव्हते. कोऱ्या विंडोजवरही त्या तशाच दिसल्या असत्या. शाळेतल्या संगणकावर अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणीतरी फॉन्ट घातला होता, तो एका संगणकावरून दुसऱ्यावर येत राहिला होता, आणि म्हणून कुणाच्या ध्यानातच आले नव्हते की ही मराठी मुळात मराठी म्हणून साठवलेलीच नाही.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडीतले दप्तर आहे. कागद टिकून आहे, शाई दिसते, पण वाचणारे थोडे. तिथे निदान मोडी शिकता येते. इथे लिपीची किल्ली एका फॉन्टच्या फाईलमध्ये असते, आणि ती फाईल जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली की काम फार अवघड होऊन बसते. (मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतःचे आकडे मिळाले, हे जाता जाता.)

युनिकोडने हा घोळ मुळातून काढला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, आणि तिची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरून घेतलेली आहे. त्यात 'क' म्हणजे २३२५, 'ख' २३२६. 'भारत' चे चार आकडे: २३४९, २३६६, २३५२, २३४०. काठी-तुकडे नाहीत. विंडोज असो, लिनक्स असो की हातातला फोन, आकडे तेच. आणखी एक फायदा शिक्षकांच्या कामाचा आहे. मुलांची नावे अकारविल्हे लावायची तर आकडे वर्णमालेच्या क्रमाने हवेत. कृतिदेवमध्ये अर्ध्या ख चा आकडा ९१ आहे, म्हणजे तो 'क' च्या १०० च्या आधी येतो. अशा यादीत खंडू कमलच्या पुढे बसतो आणि शिक्षक संगणकाला दोष देतात.

दऱ्या आणि दर्या

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतर-साधने मिळतात. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे कोष्टक लागते, आणि काम नुसत्या बदल्यांचे नसते. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर साठवतात, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी आणि वेलांटी नंतर. रफारही असाच उचलून मागे न्यावा लागतो. हे सगळे चांगली साधने करतात.

खरी मेख आहे मराठीच्या अर्ध्या र ची. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत केवढा फरक! एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला भाकरी मागायची. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनाला तो कळतोच असे नाही, आणि गडाभोवतीच्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एकदम समुद्र!

त्यातही आणखी एक खोच आहे. युनिकोडमध्ये 'दऱ्या' दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत टिंबाचा ऱ (२३५३), हलन्त (२३८१) आणि य (२३५१). दुसऱ्या रीतीत साधा र (२३५२), हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह (८२०५) आणि य. डोळ्याला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका रीतीने लिहिलेल्या फाईलमध्ये दुसऱ्या रीतीने शोध घेतला तर बहुतेक प्रोग्रॅम 'सापडले नाही' असे शांतपणे सांगतात. तसेच 'ॲ' चे. त्याला स्वतःचा आकडा २००८ मध्ये मिळाला. त्याआधी लोक अ वर चंद्र काढून काम भागवत. 'ॲसिड' शोधताना जुन्या नोंदी निसटतात त्या यामुळे. म्हणून रूपांतर करतानाच एक रीत ठरवावी आणि सगळीकडे तीच ठेवावी; मी टिंबाच्या ऱ ची सुचवीन.

कळफलकाबद्दल थोडेच सांगतो. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना काहीच बदलावे लागत नाही. हा सरकारी मानक कळफलक दोन्हीकडे आहे आणि 'के' च्या कळीवर दोन्हीकडे 'क' च येतो. ज्यांची बोटे टंकलेखन यंत्राच्या मांडणीला सरावली आहेत त्यांनी ती मांडणी नव्या जागी मिळते का ते आधी पाहावे. सवय हीसुद्धा एक फाईलच, आणि तिचे रूपांतर सर्वांत हळू होते.

प्रिंटरही आधी तपासावा. काही स्वस्त प्रिंटरना स्वतःची बुद्धी नसते. पानाचे चित्र संगणकाने काढून द्यायचे, यांनी फक्त उमटवायचे. त्यासाठी कंपनीने लिहिलेला चालक-प्रोग्रॅम लागतो, आणि कंपनीने तो विंडोजपुरताच लिहिला असेल तर प्रिंटर मुका होतो.

मोठ्या प्रमाणावरची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. त्यामागे राजकारणही होते. पण रोजची कटकट होती ती कचेऱ्यांतून साठलेल्या हजारो नमुना-फायली आणि मॅक्रो यांची, आणि बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांची. केरळच्या शाळांत मात्र लिनक्स टिकले. २००१ मध्ये तिथे सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाचे २०१७ मध्ये काइट या संस्थेत रूपांतर झाले, आणि आजही तिथल्या शाळा स्वतःचे लिनक्स वापरतात. मला यातले कारण साधे वाटते. केरळने शिक्षकांचे प्रशिक्षण, पुस्तके आणि परीक्षा त्याच प्रणालीवर उभ्या केल्या. मुलांच्या मागे जुन्या फायलींचे ओझेच नव्हते.

पन्हाळ्यावर काय केले

बाईंना मी त्या संध्याकाळी एवढेच सांगितले, की शाळेतला सर्वांत जुना संगणक अजिबात हलवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माजी विद्यार्थ्याने त्यातून फॉन्टची टीटीएफ फाईल काढून आणली. या प्रकारच्या फाईलचे नियम उघड आहेत, त्यामुळे ती लिनक्सवरही चालते. (विकतचा फॉन्ट असेल तर परवान्यात काय म्हटले आहे ते पाहावे.) माझ्या संगणकात ती ठेवली, दस्तऐवज पुन्हा उघडला, आणि सगळी मराठी जागेवर आली. बाई तिथेच खुर्चीवर बसून पहिली चार पाने वाचत राहिल्या.

पण हे दिसणे झाले, जपणे नव्हे. पुढची कामे आम्ही क्रमाने ठरवली. प्रत्येक फाईलची एक पीडीएफ प्रत काढायची. तिच्यात फॉन्ट गुंडाळला जातो, म्हणून चेहरा कायम राहतो. आत मात्र रोमन खिचडीच असते, शोध घेता येत नाही. मूळ फायली तशाच, वेगळ्या ठेवायच्या. मग एकेक फाईल युनिकोडमध्ये आणायची आणि माणसाने वाचून तपासायची. दरम्यान शाळेच्या एकाच संगणकावर, पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता लिनक्स चालवून पाहायचे. अशी सोय असते आणि ती वापरावी. प्रिंटर, निकालपत्रक, प्रोजेक्टर सगळे त्यावर लावून पाहायचे. उरलेल्या नऊ संगणकांना हात त्यानंतर.

तपासणीचे काम नववीची मुले जोडीजोडीने करतात. एकाने जुन्या छापील प्रतीवरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचे. मी हे लिहीत असताना ७३ पैकी ४९ फायली झाल्या आहेत. 'दर्या' बहुतेक सगळे सापडले. प्रिंटर मात्र अजून ऐकत नाही. त्याच्यासाठी एक संगणक आहे तसाच ठेवला आहे.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. शेतांची आणि ओढ्यांची नावे कोणत्याही शब्दकोशात नाहीत, तेव्हा ती बरोबर की चूक हे संगणक सांगू शकत नाही, आणि दोन ठिकाणी छापील प्रतही फाटलेली निघाली. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. एका ओढ्याच्या नावात र अर्धा की पूर्ण, यावर दोन मुलांचे भांडण लागले होते. त्यांतला एक आता आजीला विचारायला घरी गेला आहे, असे त्या म्हणाल्या.